एक नंबरची तबकडी, पाच नंबरचा मुलूख

॥ श्री ॥
तोंडवली, ता. मालवण
१४ नोव्हेंबर २००७

चि. सौ. मालन हिस दाजीचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तुमचं क्षेम कळवत जा, आणि नुसतं वहिनीला फोनवर नको. तू तिच्याशी अर्धा तास बोलतेस आणि ती मला येऊन एवढंच सांगते की सगळी बरी आसत. डॉक्टरांनी माझा गळा कापला, कान शाबूत आहेत. पण फोनवर मी काय टाळ्या वाजवू? म्हणून पत्र लिही.

तुला करूळबाई आठवते का? अमेरिकेची कॅरोल, आमचा सर्वेश शाळेत होता तेव्हा जत्रेत कॅमेरा घेऊन आलेली. गावाच्या तोंडात कॅरोल बसेना, त्यात ती करूळ घाटातून उतरलेली, म्हणून करूळबाई. तिने आमच्या कंपनीचा दशावतार चित्रित करून नेला होता. त्याची आता डीव्हीडीची तबकडी निघाली, तिकडच्या विद्यापीठाने छापली, आणि तिने आठवणीने एक मला धाडली. तबकडीवरच माझा राणीच्या वेषातला फोटो आहे. नऊवारी, नथ, अंबाडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. तुझा भाऊ स्त्रीपार्टी म्हणून काय दिसायचा ते विसरली असशील तर ये बघायला.

पण बघणार कशावर? सर्वेशच्या प्लेअरात घातली तर पडद्यावर इंग्रजी पाटी आली. सूनबाई सारिकाने वाचली, रीजन चुकीचा आहे म्हणाली. मी ऐकलं रीझन. माझ्या पाटीवर खडूने लिहून विचारलं, की स्वतःचं काम बघायला माणसाने आता कारण द्यायचं? सारिका हसून हसून खाली बसली. मग मालवणात चंदनच्या टीव्हीच्या दुकानात नेली. त्याने डबीच्या पाठीवरची बारीक पृथ्वी दाखवली. तिच्या पोटात एक आकडा. अमेरिका एक नंबर, आपण पाच नंबर. एक नंबरची तबकडी पाच नंबरच्या मुलखात वाजत नाही, कंपन्यांनी मुद्दाम तशी कुलपं घातली आहेत. कॉम्प्युटरवर बघू म्हटलं, तर सायबर कॅफेवाल्याने तबकडी घाईने बाहेरच काढली. कॉम्प्युटरातला नंबर मोजक्याच वेळा बदलता येतो म्हणे, मग कायमचा अडकतो. आपल्यासाठी तो कशाला अडकवून घेईल?

आता खरी गोष्ट लिहितो. परवा तन्वी खळ्यात शेजारच्या पोरांशी खेळत होती. कुणीतरी विचारलं असेल. तिने तीन वर्षांच्या तोंडाने ठणकावून सांगितलं की माझो आजो जल्मापासून मुको आसा. मी पडवीत बसलो होतो. तिचं काय चुकलं? ती जन्मायच्या आदल्या पावसाळ्यात माझं ऑपरेशन झालं. तिने आजोबा पाहिला तो टाळ्या वाजवणारा. आणि आमच्या नाटकात लिहिलेलं काही नसतं, हे तुला ठाऊक आहे. उभं राहून सुचेल ते बोलायचं आणि सकाळी पेटारा बांधून पुढच्या गावाला जायचं. जन्मभर बोललो त्यातलं काही उरलेलं नाही. उरलं ते या तबकडीत.

सर्वेशला मस्कतला नोकरी लागली, राहायला घरही मिळालं आहे. संक्रांतीच्या आसपास बायकोमुलीला घेऊन जाणार. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्या पोरीने माझा आवाज ऐकावा. तुझ्या धनेशला सांग, कुठल्याही देशाची तबकडी वाजवील असा प्लेअर शोध. मला बसवत नाही, मालन. सकाळपासून किनाऱ्यावर तीनदा जाऊन आलो.

लोभाला ओहोटी लागू देऊ नये.
तुझा
दाजी


भांडुप, मुंबई
२२ नोव्हेंबर २००७

ती. स्व. दाजी यांस मालनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना तुझाच आवाज कानात येत होता, म्हणजे ओरडण्याचा. वहिनी मला काय काय सांगते ते तुला काडीचं कळत नाही हे बरंच आहे, कारण त्यातलं अर्धं तुझ्याबद्दल असतं.

धनेशपाशी विषय काढला तो नेमका जेवताना. त्याने ताटातल्या भाताचे वाटे पाडून मला सगळी पृथ्वी समजावली. युरोप आणि जपान म्हणे दोन नंबर, आणि वरणाचा ओघळ गेला तिथे ऑस्ट्रेलिया. मी म्हटलं, तुझ्या मामाला जगाशी घेणं नाही, त्याला त्याची राणी बघायची आहे. तर म्हणाला, वाटतं तितकं सोपं नाही. सगळे दुकानदार हा ऑल रीजन आहे असं तोंडभरून सांगतात, पण परदेशी तबकडी समोर लावून दाखवल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. कुलूप निघालं तरी दुसरी अडचण आहे. अमेरिकेचं चित्र आपल्यापेक्षा वेगळ्या चालीने पळतं. तुमच्या जुन्या टीव्हीला ती चाल कळणार नाही, म्हणून ती बदलून देणारा प्लेअर हवा. तेव्हा टीव्ही कुठला आणि त्याच्या पाठीला कोणत्या वायरींची भोकं आहेत ते कळव.

तबकडी इकडे पाठवलीस तर ऑफिसात नक्कल करून देतो, असंही तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुझा मामा स्वतः पोस्टात बसून येईल पण ती तबकडी हातातून सोडणार नाही. खरं ना?

आणखी एक. काही प्लेअरचं कुलूप रिमोटवर आकडे दाबून निघतं म्हणे. सर्वेशच्या प्लेअरचा मॉडेल नंबर कळव, धनेश चौकशी करील. पण दाजी, स्वतः काही करायला जाऊ नको.

तन्वीचं वाचून मला रात्रभर चैन पडलं नाही. लेकरू आहे, मनाला लावून घेऊ नको, असं लिहिणार होते. पण मीही लावून घेतलंच आहे.

प्रेम आहे तसंच ठेव, राग धनेशवर काढ.
तुझी
मालन


॥ श्री ॥
तोंडवली
२९ नोव्हेंबर २००७

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद.

मी स्वतः केलं. तू नको लिहिलंस तिथेच माझं बोट गेलं. ट्रे उघडून रिमोटवर आकडे दाबत राहिलो. काहीतरी उघडलं हे खरं, पण ते कुलूप नव्हतं. आता पडद्यावरचं एकूण एक अक्षर चिनी झालं आहे. सर्वेश कामावरून आला, बघितलं आणि सरळ हातपाय धुवायला गेला. बोलला असता तर बरं होतं, मला पाटीवर भांडता तरी आलं असतं. तन्वीची कार्टून लागतात अजून, पण बंद करायचं बटण चिनीत कुठे गेलं ते कोणाला सापडत नाही. वायर उपटून बंद करतो.

टीव्ही जुनाच, तू गणपतीला आलीस तेव्हाचा. पाठीला तीन भोकं आहेत, पिवळं, लाल, पांढरं. त्यातल्या लाल भोकात पालीने घर केलं होतं, ते मी साफ केलं.

जत्रा सुरू झाल्या. काल आपल्या कंपनीचा खेळ जवळच होता. जाणार नव्हतो, पाय गेले. रंगपटात बसून पोरांची तोंडं रंगवणं बघत राहिलो. माझ्या जागी आता वेंगुर्ल्याकडचा कौस्तुभ आहे. छान दिसतो. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, दाजीनु, राणी वनवासात जाताना तुम्ही काय बोलायचात? सगळी जुनी माणसं त्याची आठवण काढतात. मला आठवत होतं ग. ओठाशी होतं सगळं. पण पाटीवर ते किती लिहिणार, आणि लिहिलेलं ते भाषण कसलं? मी हात हलवला आणि पेटी सुरू व्हायच्या आत घरी आलो.

धनेशला म्हणावं, घाई कर. इथे सर्वेश बॅगा आणून बसला आहे. तन्वी रिकाम्या बॅगेत जाऊन बसते आणि मला ओढायला लावते.

आठवण राहू द्यावी, मी विसरू देणार नाहीच.
तुझा
दाजी


भांडुप
९ डिसेंबर २००७

ती. स्व. दाजी यांस शि. सा. न. वि. वि.

प्लेअर घेतला. आपल्या वाडीतला प्रीतम उद्याच्या बसने गावी येतो आहे, त्याच्या मांडीवर बसून येईल. वर सामान ठेवू नको असं त्याला बजावलं आहे.

दोन रविवार मी धनेशबरोबर लॅमिंग्टन रोडला फिरले. नावाजलेल्या कंपन्यांचे दिसायला देखणे, पण कुलूपवाले. एक दुकानदार शपथ घेऊन सांगत होता की हा सगळं वाजवतो. धनेशने ऑफिसातल्या मैत्रिणीची अमेरिकन तबकडी नेली होती, ती घातली तर तुझीच पाटी आली. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात नाव नसलेला काळा डबा मिळाला. त्यात अमेरिकेची वाजली, इंग्लंडची वाजली, आणि दुकानदाराने हौसेने जपानचीही लावून दाखवली. चित्राची चाल बदलण्याचं बटण मागे आहे, धनेशने ते लावून वर चिकटपट्टी मारली आहे. ती काढू नको. दाजी, ती काढू नको असं मी दुसऱ्यांदा लिहिते आहे.

आता एक मनातलं. तू आवाज आवाज म्हणतोस तेव्हा मला तुझे दोन आवाज आठवतात. एक रंगमंचावरचा, बारीक, की मागे बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. आणि दुसरा घरचा, अगदी भसाडा. तू माडावरून हाक मारलीस की आमच्या कोंबड्या पळायच्या. आई म्हणायची की एकाच गळ्यात देवाने दोघं कसे घातले. मला दोन्ही ऐकायला मिळाले, मी नशिबाची. पोरीलाही मिळोत.

वाजल्यावर वहिनीला लगेच फोन करायला सांग, आणि पत्रही टाक.
तुमच्या जिवाला जीव देणारी
मालन


तोंडवली
१७ डिसेंबर २००७

मालन हिस आशीर्वाद.

तुझ्या लेकाला चांगलं बनवलं आहे त्या कोपऱ्यातल्या दुकानदाराने. प्लेअर आला, सर्वेशने वायरी जोडल्या, सगळी जमली. शेजारची माणसं खुर्च्या घेऊन आली. तबकडी आत घातली. घरघर झाली आणि पडद्यावर आलं, नो डिस्क. तबकडी नाहीच म्हणे! समोर घातली ती काय भाकरी होती? काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. सर्वेशच्या प्लेअरने निदान तबकडी ओळखली होती, नंबरावरून तरी भांडला. हा आंधळाच.

चिकटपट्टीला मी हात लावलेला नाही. कोणत्याही देवळात शपथ घेईन.

शेजारी खुर्च्या उचलून गेले. तन्वी मला थोपटत होती, जशी तिची आई तिला थोपटते. मला ते सहन झालं नाही. मी उठून गेलो, वाळूत काळोख पडेपर्यंत फिरलो. सर्वेशचं तिकीट आलं आहे, संक्रांतीपर्यंतही थांबत नाहीत, त्याआधीच जाणार. प्रीतमच्या हाती डबा परत पाठवू का, की समुद्रात टाकू, ते कळव.

लोभ असावा, डोकं ठिकाणावर आल्यावर मीही ठेवीन.
दाजी


तोंडवली
१९ डिसेंबर २००७

सौ. वन्सं यांस सावित्रीचा सप्रेम नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून अक्षराला हसू नका. फोन ओटीवर आहे आणि त्याच्या खालीच हे बसून असतात, म्हणून लिहिते.

धनेशचा प्लेअर चांगला आहे. त्याला ह्यांनी काय काय लिहिलं असेल, पोराचा त्यात दोष नाही. दोष माझा आहे.

प्लेअर आला त्या दिवशी तबकडी लावायच्या आधी मी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, आज जो काय डबो घरात इलो हा, तेका बरी बुद्धी दी, आणि माझ्या घोवाचो आवाज तेच्या नातीच्या कानावर पडान दी रे म्हाराजा. व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. नवी वस्तू घरात आली की आपण हळदकुंकू लावतोच. प्लेअरला लावलं, मग तबकडीला लावायला गेले. तर वरच्या बाजूला ह्यांचा फोटो. वन्सं, जित्या माणसाच्या फोटोला कुंकू लावतात का? म्हणून मी ती उलटी केली. मागची बाजू आरशासारखी लखलखीत, तिथे पाचही बोटांनी लावलं.

नो डिस्क झाल्यावर मला ते कुंकू आठवलं. हे वाळूत गेले तेव्हा मी कुंकू पुसायला गेले, तर ते आणखी पसरलं. डाग निघावा म्हणून खोबरेल तेल लावलं. आता ती तेलकट गुलाबी झाली आहे. पदराने पुसत नाही, ओरखडे पडतील म्हणून भीती वाटते. डबीत तशीच ठेवली आहे. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. तो आवाज गेला तो डॉक्टरांनी नेला, हा माझ्या हाताने गेला तर मी काय करू?

धनेशला विचारून काही उपाय असेल तर सांगा. फोन केलात तर नुसतं साबण, पाणी असं काही सांगा, मी समजेन. ह्यांना कळू देऊ नका.

माया आहे ती राहू द्या, चुकीला पदरात घ्या.
तुमची वहिनी
सावित्री


भांडुप
२६ डिसेंबर २००७

ती. स्व. दाजी आणि सौ. वहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र लिहिते, कारण वहिनी, दाजीपासून काही लपवणं तुला जमणार नाही आणि मलाही. फोनवर मी साबण साबण म्हणत राहिले तर त्याने पाटीवर लिहून विचारलं म्हणे, की मुंबईत साबण संपला का.

दाजी, वहिनीवर आवाज चढवायची तुझी सोय नाही, तर पाटीवरही चढवू नको. तुझ्या जिवंत कपाळाला तिने कुंकू लावलं नाही म्हणून हे झालं. यावर रागावायचं असेल तर खुशाल रागाव.

धनेश म्हणतो, घाबरू नका. कोमट पाण्यात थोडा साबण घालून बोटाच्या पोटाने हलकेच धुवा. मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. उन्हात ठेवू नका, सावलीत वाळू द्या. तेलाने उलट बरंच झालं, कुंकू खरवडावं लागणार नाही.

मला इथे काही सुचत नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. पोरं निघायच्या आत वाजू दे, एवढंच मी माझ्या देवापुढे म्हटलं. नारळ ठेवला, पण कुंकवाचा करंडा लांब ठेवला.

जीव टांगणीला लागलेली
मालन


॥ श्री ॥
तोंडवली
२१ जानेवारी २००८

चि. सौ. मालन हिस दाजीचे अनेक आशीर्वाद. चि. धनेशला दोन जास्त, आणि मी त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते फाडून टाक.

वाजली एवढं वहिनीने तुला फोनवर सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाचं एका वाक्यात आटपलं असणार. मला लिहायला उशीर झाला. हात चालत नव्हता.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी सावित्रीने तबकडी धुतली. तन्वीला पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं तसं धुतलं. मी वारा घालत उभा होतो. या खेपेला शेजाऱ्यांना बोलावलं नाही. सर्वेश, सारिका, आम्ही दोघं आणि माझ्या मांडीवर तन्वी. काळ्या डब्याने एकही प्रश्न विचारला नाही. पेटी वाजली, मृदंग वाजला, पडदा धरलेली दोन माणसं बाजूला झाली आणि मी आलो.

मालन, मी काय सुरेख होतो ग! चालणं, मान वळवणं, पदर. आणि आवाज. राणी वनवासात निघाली होती. कौस्तुभने विचारलं तेच भाषण. माझे ओठ आपसूक हलायला लागले. सर्वेशने डोळे पुसले, मी पाहिलं. मी तन्वीकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, ह्यात आजो खंय आसा?

सारिकाने दाखवलं, ही बघ, ही राणी म्हणजे आजो. तन्वी म्हणाली की ती बायलमाणूस आसा, बायलमाणसावरी बोलता. मी मिश्या हाताने झाकल्या, मान वळवून दाखवली, पदर धरल्यासारखा हात केला. तिला हसू आलं. पण तो आजोबा आहे हे तिला काही पटलं नाही. आणि तिने खोटं का मानावं? बाईच वाटायला हवी म्हणून तर मी जन्मभर झिजलो. एवढ्या खटपटीत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अमेरिकेचं कुलूप उघडलं आणि आत मी नव्हतोच. मी रिमोट शोधायला लागलो, बंद करावं म्हणून.

सावित्रीने तो आधीच पदराखाली घेतला होता. म्हणाली, बसा गप, ती करूळबाई दुसऱ्या दिवशी घराकडे नाय इल्ली?

मला आठवेना, तिला आठवत होतं. राणी संपली, इंग्रजी अक्षरं आली, आणि मग सकाळ झाली. पडद्यावर आमचं खळं. आमची तुळस, आमची पाण्याची बाव, तेव्हा लहान असलेला माड. तन्वी मांडीवर ताठ झाली. आमचा घर, म्हणाली. खळ्यात एक माणूस पंचा नेसून उकिडवा बसला होता. अर्धं तोंड रंगाचं, अर्धं तेलाने पुसलेलं. तोंडात विडी. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. त्याने मान मागे टाकली आणि घराकडे बघून भसाड्या आवाजात हाक मारली, गो सावित्री, चाय हाड गो, गळो सुकलो माझो!

बस, एवढंच. पुढे पुन्हा इंग्रजी.

तन्वीने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यावरच्या फडक्याला हात लावला. मग एकदम ओरडली, आजो बोललो! आज्ये, आजो बोललो गो! सर्वेशला तेवढाच तुकडा परत लावायला लावला. परत आणि परत. राणीला कोणी विचारलं नाही. वीज गेली तेव्हाच थांबलो.

जायच्या दिवसापर्यंत मी टाळी वाजवली की ती कुठेही असली तरी धावत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि माझी हाक मारायची. तस्साच भसाडा आवाज, शब्द न शब्द. सावित्रीने दिवसाला किती चहा केला ते विचारू नको.

पोरं गेली. घर खायला उठलं. मी तबकडी लावली नाही, काळ्या डब्यावर फडकं टाकून ठेवलं. कौस्तुभला मात्र निरोप धाडला आहे, घरी येऊन राणी बघून जा.

काल मस्कतहून फोन आला. मी नेहमीसारखा खाली बसून होतो. सावित्रीने रिसीव्हर माझ्या हातांपाशी आणून धरला. मला कळेना काय ते. मग कळलं. मी टाळी वाजवली. पलीकडे काही नाही. पुन्हा वाजवली, जोरात. आणि एवढा समुद्र ओलांडून हाक आली, ओटीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी, गो सावित्री, चाय हाड गो, गळो सुकलो माझो!

सावित्री रिसीव्हर माझ्या मांडीवर टाकून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती चहा घेऊन आली.

लोभाची भरती अशीच राहो. आता फोन केलास तर मलाही द्यायला सांग.
तुझा
दाजी